ब्रुकनर मास्तरांची पत्रं

आंतोन ब्रुकनर या ऑस्ट्रियन संगीतकाराने ४ सप्टेंबर १८८७ रोजी म्यूनिकच्या हेरमान लेव्हीला एक पत्र लिहिलं. तो त्याचा त्रेसष्टावा वाढदिवस होता. पत्राची सुरुवातच आनंदाच्या आरोळीने आहे. आठवी सिंफनी एकदाची लिहून झाली आणि ही बातमी सगळ्यांत आधी माझ्या कलेतल्या वडिलांना कळायला हवी, असं त्याने लिहिलं. हे 'वडील' त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान होते!

महिनाभराने उत्तर आलं. त्या उत्तराने ब्रुकनरची पुढची काही वर्षं पार बदलून टाकली. आज या पत्रव्यवहाराबद्दलच लिहायचं आहे.

त्याआधी लेव्ही कोण, हे सांगितलं पाहिजे. लेव्ही कंडक्टर होता. आपल्याकडे कंडक्टर म्हटलं की खाकी कपडे आणि तिकिटांची पेटी डोळ्यांपुढे येते, पण हा कंडक्टर म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, हातात छोटी काठी घेऊन वादकांपुढे उभा राहणारा. आपल्या संगीतात गाणारा माणूस बंदिश दुसऱ्याची घेतो, पण बढत स्वतःची करतो. गाताना तो अर्धा रचनाकारच असतो. सिंफनीचं तसं नाही. तिथे संगीतकार प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर कागदावर लिहून ठेवतो, आणि पाऊणशे-शंभर वादक ते लिहिलेलं वाजवतात. ते कसं, किती वेगात, किती जोरात हे ठरवतो कंडक्टर. तो राजी झाला तरच कागदाचं संगीत होतं, नाहीतर कागद कपाटात. त्या काळी ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. आपण लिहिलेलं कसं ऐकू येतं हे खुद्द संगीतकारालासुद्धा कंडक्टरच्या कृपेशिवाय कळायचं नाही. म्हणून ही माणसं कंडक्टरांना पत्रं लिहीत. विनवणीची, आभाराची, खुलाशाची.

ब्रुकनरची पत्रं वाचताना (अर्थात इंग्रजी भाषांतरातून) मला परकं असं वाटत नाही. त्याचं कारण बहुधा हे की तो आमच्या जातीचा, म्हणजे मास्तरांच्या जातीचा. वडील आन्सफेल्डन नावाच्या खेड्यात शाळामास्तर. मुलगाही मास्तरकीचं शिक्षण घेऊन सतराव्या वर्षी विंडहाग या आडगावात सहायक शिक्षक झाला. शाळा शिकवायची, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि वेळ पडली तर शेतात खतही पसरायचं, अशी ती नोकरी. पुढे सेंट फ्लोरियानच्या मठात दहा वर्षं मास्तरकी, मग लिंत्सला ऑर्गनवादक, आणि १८६८ साली व्हिएन्नाच्या संगीतशाळेत प्राध्यापक. म्हणजे खडू काही सुटला नाही.

या माणसाला परीक्षांचं आणि प्रमाणपत्रांचं विलक्षण वेड. १८५५ पासून सहा वर्षं तो व्हिएन्नाच्या सिमोन झेख्टर या कडक गुरूकडे संगीतशास्त्र शिकला, तेही मुख्यतः पोस्टाने. लिंत्सहून स्वाध्याय पाठवायचे, तपासून परत यायचे. शिक्षण चालू असेपर्यंत स्वतंत्र रचना करायची नाही, अशी गुरूची अट. ऐन तिशीतल्या माणसाने ती पाळली. १८६१ साली व्हिएन्नाच्या एका चर्चमध्ये त्याची ऑर्गनवर परीक्षा झाली, तेव्हा परीक्षकांपैकी एक जण, योहान हेरबेक, म्हणाला की खरं तर यानेच आपली परीक्षा घ्यायला हवी होती. एवढं ऐकल्यावर दुसऱ्या कुणाची परीक्षेची हौस फिटली असती. ब्रुकनरची फिटली नाही. आपण बरोबर आहोत हे दुसऱ्या कुणीतरी लिहून द्यावं, ही भूक त्याला जन्मभर राहिली.

आणि व्हिएन्नाने ते लिहून दिलं नाही. १६ डिसेंबर १८७७ ला त्याच्या तिसऱ्या सिंफनीचा पहिला प्रयोग झाला. तो हेरबेकच करणार होता, पण ऑक्टोबरात तो वारला आणि ब्रुकनरला स्वतः काठी हातात घ्यावी लागली. संचालन ही काही त्याची विद्या नव्हती. एकेक भाग संपेल तसे लोक उठून जात राहिले, आणि शेवटी सभागृहात मूठभर श्रोते उरले. त्यांत सतरा वर्षांचा गुस्टाव माहलर होता.

चौथ्या सिंफनीची गोष्ट मात्र गोड आहे. १८८१ साली हान्स रिख्टर या नामांकित कंडक्टरने ती बसवली. तालमीनंतर ब्रुकनर इतका हरखला की त्याने रिख्टरच्या हातात एक चांदीचं नाणं ठेवलं आणि माझ्या नावाने बिअर घ्या म्हणून सांगितलं. चहापाण्याला देतात तसं! रिख्टरने ते नाणं घड्याळाच्या साखळीत अडकवून घेतलं. व्हिएन्नाचे शिष्ट लोक या गोष्टीवर हसत. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. खेड्यातल्या माणसाने काम चोख करणाऱ्याला द्यायचं ते दिलं.

खरं यश आलं ते साठीत, आणि तेही परगावी. सातवी सिंफनी ३० डिसेंबर १८८४ ला लाइप्झिगमध्ये आर्थर निकिशने सादर केली आणि पुढच्या मार्चच्या १० तारखेला म्यूनिकमध्ये हेरमान लेव्हीने. लेव्ही म्हणजे त्या काळच्या जर्मनीतला पहिल्या ओळीतला कंडक्टर. ज्यू धर्मगुरूचा मुलगा. वाग्नरच्या शेवटच्या 'पार्सिफाल' या ऑपेराचा पहिला प्रयोग १८८२ साली बायरॉइटला त्यानेच केला होता. ब्रुकनर वाग्नरला देव मानायचा. त्या देवाचा हा पुजारी जाहीरपणे म्हणाला की बेथोवन गेल्यानंतर इतकी महत्त्वाची सिंफनी झाली नाही. सातव्या सिंफनीच्या संथ भागात वाग्नरच्या मृत्यूचा शोक आहे. म्यूनिकच्या त्या मुक्कामात वाग्नरचा एक ऑपेरा संपून प्रेक्षक गेल्यावर, रिकाम्या नाट्यगृहात, लेव्हीने वादकांकडून तो शोकाचा तुकडा ब्रुकनरसाठी पुन्हा वाजवून घेतला. साठ वर्षं प्रमाणपत्राची वाट पाहणाऱ्या माणसाला हे मिळाल्यावर तो 'वडील' म्हणणार नाही तर काय म्हणेल?

अशा माणसाकडे आठव्या सिंफनीचे कागद गेले. तीन वर्षांचं काम होतं ते. लेव्हीने कागद उघडले, दिवसच्या दिवस त्यांच्यात डोकं घातलं, आणि त्याला ती रचना कळेना.

आता गंमत पाहा. लेव्हीने आधी ब्रुकनरला लिहिलंच नाही. ३० सप्टेंबरला त्याने योझेफ शाल्कला लिहिलं. शाल्क हा ब्रुकनरचा शिष्य आणि विश्वासातला माणूस. त्या पत्रात लेव्ही म्हणतो की माझी फार निराशा झाली आहे. वाद्यांची योजना अशक्य वाटते, सातव्या सिंफनीशी साम्य धक्का बसावा इतकं आहे, घडण साच्यातून काढल्यासारखी वाटते. पहिल्या भागाची सुरुवात भव्य, पण पुढच्या विस्ताराचं काय करावं ते समजत नाही, आणि शेवटचा भाग म्हणजे तर बंद पुस्तक. मी चुकत असेन, मूर्ख असेन किंवा म्हातारा झालो असेन, हेही त्याने लिहिलं. मग खरी अडचण सांगितली. ब्रुकनरने मला गाढव म्हटलं, किंवा त्याहून वाईट म्हणजे विश्वासघातकी म्हटलं, तर मी ते निमूट सोसेन. पण या निराशेने तो पुरता मोडेल, अशी मला भीती वाटते.

हे पत्र मी अनेकदा वाचलं आहे. काही लिहिणाऱ्यांनी लेव्हीला या कथेतला खलपुरुष केलं आहे. मला ते मुळीच पटत नाही. पस्तीस वर्षं मी वह्या तपासल्या. वाईट वहीवर लाल रेघ मारायला काहीच लागत नाही. आवडत्या, कष्टाळू मुलाच्या वहीवर, ज्याचं सगळं मन त्या वहीत आहे, तिथे शेरा लिहिताना पेन अडखळतं. लेव्हीला खोटं बोलणं सोपं होतं. वादकांना जमत नाही, यंदाचा हंगाम भरला आहे, असं काहीही कळवून कागद परत पाठवता आले असते. अशी उत्तरं आपल्यालाही ठाऊक आहेत. त्याने तसं केलं नाही. ७ ऑक्टोबरला त्याने स्वतःच ब्रुकनरला लिहिलं. आहे त्या रूपात मला ही सिंफनी सादर करता येणार नाही, मला ती आपलीशी होत नाही. कल्पना थोर आहेत, पण त्यांची मांडणी शंकास्पद वाटते. धीर सोडू नका, पुन्हा एकदा हातात घ्या, मित्रांशी, शाल्कशी बोला, नव्याने लिहून पुष्कळ साधेल.

आणि लेव्हीला जी भीती होती तेच झालं. १८ ऑक्टोबरला शाल्कने त्याला कळवलं की तुमच्या निकालाचा घाव फार खोल गेला आहे, समजूत घालून उपयोग होत नाही, त्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडाला आहे. एकाच्या नापसंतीने त्रेसष्ट वर्षांचा, सात सिंफनी लिहिलेला माणूस कोसळतो, हे नवल वाटण्यासारखंच आहे. पण वर सांगितलेली भूक लक्षात घेतली म्हणजे नवल वाटत नाही. ज्याच्या शेऱ्याने माणूस उभा राहतो, त्याच्याच शेऱ्याने तो पडतो.

चार महिन्यांनंतरचं, २७ फेब्रुवारी १८८८ चं पत्र मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतं. त्यात ब्रुकनर लेव्हीला लिहितो की आठव्या सिंफनीबद्दल मला निदान या वेळी तरी लाज वाटायलाच हवी. मी गाढव! आता ती वेगळी दिसू लागली आहे. लेव्ही स्वतःला गाढव म्हणवून घ्यायला तयार होता, ब्रुकनरने ती पदवी आपल्याकडे घेतली. शाळेत हा शब्द आम्ही मास्तर लोक किती सहज वापरायचो! इथे एक म्हातारा मास्तर तो स्वतःला लावून घेतो आहे, आणि कशासाठी, तर आज जगभर जी वाजवली जाते त्या रचनेसाठी.

मग त्याने ती पुन्हा लिहिली. पण लगेच नाही. एकदा शंका शिरली की ती एका वहीपुरती राहत नाही. तिसरी सिंफनी त्याने तिसऱ्यांदा दुरुस्त केली, चौथीवर हात फिरवला, आठवी १० मार्च १८९० ला नव्याने पूर्ण केली, आणि नंतर चक्क पहिली, पाव शतकापूर्वीची सिंफनी नव्याने लिहायला घेतली. नवव्या सिंफनीची सुरुवात १८८७ सालीच झाली होती. ती बाजूला पडली. तिचे तीन भाग १८९४ च्या अखेरीस झाले, आणि शेवटच्या भागावर काम चालू असतानाच ११ ऑक्टोबर १८९६ ला तो गेला. लेव्हीच्या पत्रामुळेच नववी अपुरी राहिली असं म्हणणं फार ढोबळ होईल. तब्येतही खालावलेली होतीच. तरी मधली ती वर्षं जुन्या वह्या खोडण्यात गेली, हे तारखा सांगतात.

मात्र दुसरी बाजूही आहे. १८८७ च्या प्रतीत आठव्या सिंफनीचा पहिला भाग मोठ्या गाजावाजाने संपतो. ट्रंपेट, नगारे, सगळं. १८९० च्या प्रतीत तो गजर काढून टाकला आहे. संगीत विझत विझत जातं, तोच एक तुकडा पुन्हा पुन्हा येत राहतो, आणि अगदी हळू आवाजात भाग संपतो. ब्रुकनरच्या इतर कुठल्याही सिंफनीचा पहिला भाग असा संपत नाही. मरणाच्या दारातला माणूस पडला आहे आणि समोरचं घड्याळ टिकटिकत राहिलं आहे, असं त्याने या जागेबद्दल सांगितलं होतं. संथ भागातल्या झांजाही सहावरून दोनवर आल्या. म्हणजे कमी करायला तो शिकला. लेव्हीचा शेरा नसता तर हे घड्याळ आपल्याला ऐकू आलं नसतं.

मी ही सिंफनी पहिल्यांदा ऐकली ती झुबिन मेहतांच्या ध्वनिमुद्रणात. मुंबईत जन्मलेला, व्हिएन्नात शिकलेला हा माणूस. १९६५ साली तिशी गाठायच्या आत त्यांनी व्हिएन्नाच्या वाद्यवृंदाकडून ब्रुकनरची नववी ध्वनिमुद्रित करून घेतली होती, आणि १९७४ साली लॉस एंजेलिसला आठवी. पहिल्या ऐकण्यात मलाही सगळंच लांबलचक वाटलं होतं. ते घड्याळ मात्र तेव्हाच लक्षात राहिलं.

तर नवी प्रत तयार झाली. लेव्हीने आता मानहाइमच्या फेलिक्स वाइनगार्टनर या तरुण कंडक्टरचं नाव सुचवलं. वाइनगार्टनर सत्तावीस वर्षांचा, ब्रुकनर सहासष्ट वर्षांचा. पुन्हा पत्रं सुरू झाली. २७ जानेवारी १८९१ च्या पत्रात ब्रुकनर त्याला सिंफनीचा अर्थ समजावून सांगतो. हे मृत्यूची वार्ता, हा दुसरा भाग म्हणजे आमचा साधाभोळा जर्मन मिशेल, आणि शेवटी आमच्या सम्राटांची आणि रशियाच्या झारची भेट, त्यात तंतुवाद्यं म्हणजे कोसाकांचे घोडे, पितळी वाद्यं म्हणजे लष्करी बँड. विद्वान लोक या खुलाशाने ओशाळतात. मला वाटतं, एवढा मोठा धडा समोरच्याला कळणार नाही या भीतीने मास्तरांनी फळ्यावर चित्रं काढून दाखवली. ऐकताना घोडे दिसलेच पाहिजेत असं काही नाही.

पण त्याच पत्रात एक वाक्य आहे, त्यासाठी हा सगळा लेख लिहावासा वाटला. शेवटचा भाग फार लांब आहे, तेव्हा मी खुणा केल्या आहेत त्याप्रमाणे तो नक्की कापा, असं ब्रुकनर सांगतो. पुढे म्हणतो की तो पूर्ण रूपात पुढच्या काळासाठी आहे, आणि तोही मित्रांच्या व जाणकारांच्या एका वर्तुळासाठी.

दोन महिन्यांनी, २७ मार्चला, पुन्हा एक पत्र. तुमच्या वाद्यवृंदाच्या सोयीने काय करायचं ते करा, लय बदलायची तर बदला. पण मूळ लेखनात फेरफार करू नका, आणि छापताना वादकांच्या प्रती जशाच्या तशा छापा, ही माझी अगदी मनापासूनची विनंती आहे.

ही दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. आतापर्यंत आपण जो ब्रुकनर पाहिला तो कुणी काही म्हटलं की वही खोडायला बसणारा, नाणं हातात ठेवणारा, स्वतःला गाढव म्हणणारा. त्याला भित्रा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. इथे मात्र तो व्यवहार करतो आहे, आणि तो फार शहाणपणाचा आहे. आजचा प्रयोग तुमचा, घ्या. लांबलं तर कापा. पण कागद माझा. लेव्हीच्या वेळी त्याने प्रयोग आणि कागद या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात दिल्या होत्या. 'सादर होत नाही' याचा अर्थ त्याने 'लिहिलंय ते चूक' असा घेतला. चार वर्षांत तो या दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकला.

मानहाइमचा प्रयोग काही झाला नाही. आधी तारीख पुढे गेली, मग वाइनगार्टनर बर्लिनच्या दरबारी ऑपेरात रुजू झाला आणि विषय संपला. शेवटी १८ डिसेंबर १८९२ ला व्हिएन्नात, बिअरचे पैसे मिळालेल्या त्याच हान्स रिख्टरने आठवी सिंफनी सादर केली. ती सम्राट फ्रांत्स योझेफला अर्पण केलेली होती, छपाईचा खर्चही त्यानेच केला. हान्सलिक हा ब्रुकनरचा जुना टीकाकार नाराजच राहिला, तरुण संगीतकार हुगो वोल्फ बेभान खूश झाला. ब्रुकनरच्या आयुष्यातला व्हिएन्नातला हा मोठा विजय. त्या वर्षी छापून आलेली प्रत मात्र त्याच्या हस्तलिखिताशी शब्दशः जुळत नाही. म्हणजे ती मनापासूनची विनंती पुरती पाळली गेली नाहीच.

त्याची तजवीज त्याने वेगळ्या मार्गाने केली. १० नोव्हेंबर १८९३ ला त्याने मृत्युपत्र केलं आणि आपल्या रचनांची मूळ हस्तलिखितं व्हिएन्नाच्या दरबारी ग्रंथालयाला देऊन टाकली. नातेवाइकांना नाही, शिष्यांना नाही, प्रकाशकाला तर नाहीच. ते ग्रंथालय पुढे ऑस्ट्रियाचं राष्ट्रीय ग्रंथालय झालं. सरकारी दप्तरावर विसंबणं हाही मास्तरी स्वभावच, पण या खेपेला तो कामी आला. त्या हस्तलिखितांवरून रॉबर्ट हासने १९३९ साली आठवीची आवृत्ती काढली. १८९० ची प्रत घेऊन तिच्यात १८८७ मधले काही कापलेले तुकडे त्याने परत बसवले, आणि त्यावरून अजून वाद चालतात. लिओपोल्ड नोवाकने १९५५ साली १८९० ची प्रत स्वतंत्र छापली आणि १९७२ साली १८८७ ची, म्हणजे लेव्हीने परत केलेली तीच. कंडक्टरांना आता निवड करता येते. बहुतेक जण १८९० किंवा हास घेतात.

लेव्ही १९०० साली वारला. त्याला न कळलेली ती पहिली प्रत संपूर्ण वाजली २ सप्टेंबर १९७३ ला, बीबीसीवर. हान्स-ह्युबर्ट शोन्झेलरने बोर्नमथच्या वाद्यवृंदाकडून ती वाजवून घेतली. 'हालेलुया' म्हणून लेव्हीला पत्र गेलं त्याला तेव्हा शहाऐंशी वर्षं व्हायला दोनच दिवस कमी होते.